शटर पडल्यावर दहा मिनिटं

तळवलीत, रिक्षा स्टँडच्या मागे,
हसुराम मढवीचं गॅरेज.
पिशवी खाली ठेवली तेव्हा म्हणाला,
"मिस्टर मागून येतायत का?"
म्हटलं, वायरमन मीच.
तो बाजूला सरकला. माफी नाही, हसू नाही,
फक्त सरकला. मला तेवढी जागा पुरते.

काम छोटं.
मागच्या भिंतीत बारा इंची एक्झॉस्ट,
त्याचा स्विच टायरांच्या चळतीआड,
आणि तो लावायची आठवण कुणालाच नाही.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावर
कुणाचं तरी बाळ नुकतं झोपलं होतं,
म्हणून जयेंद्रनं रात्री शटर खाली ओढलं
आणि टेम्पोचं इंजिन चालूच ठेवलं.
सापडला तेव्हा चाकाला टेकून बसलेला.
नाव विचारलं
तर गाडीचा नंबर सांगितला.
पूर्ण. एमएच शून्य चारपासून.

मेन पाडला.
हसुराम म्हणाला, "बंद हाय."
तरी टेस्टर लावला; आयटीआयचे सर सांगायचे,
मालकाचं ऐकून घ्यावं, तारेला विचारावं.

पट्टीवर टायमर खटकन बसला.
ए-वनला फेज, ए-टूला न्यूट्रल,
हा त्याचा स्वतःचा घास.
पंधरावर पुन्हा फेज,
अठरातून निघून पंख्याकडे.
सोळा रिकामा. त्याला हात लावायचा नाही,
तो उलट्या काळजाचा,
बाकी सगळे झोपले की जागा होतो.
आणि ट्यूबलाइटच्या स्विचवरून
एक तार एसला,
निरोप्यासारखी: माणूस आला. माणूस गेला.
याहून जास्त तिला काही कळत नाही.

मेन चढवला. ट्यूब लागली.
पंखा गप्प.
लाल दिवा लुकलुकत राहिला,
मग बऱ्याच वेळानं पंखा फिरला,
आणि ट्यूब मालवली तर तोही लगेच मेला.
"उलटा जाला गो," हसुराम म्हणाला.
कानशिलं तापली माझी.
डब्यातल्या कागदावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी,
जयेंद्रनं मोबाइलचा उजेड धरला,
उजेड थोडा हलत होता.
मोडचं बटण दोन घरं पुढे सरकवलं.
एवढ्यानं भागत नाही, मेन पुन्हा पाडावा लागतो,
एकदा मेल्याशिवाय
हा आपली सवय बदलत नाही.

"किती मिनिटं ठेवू?"
"दोन ठेवा. बिल मलाच भरायचा हाय."
जयेंद्र पाने पुसत होता.
मान वर न करता म्हणाला, "दहा."
हसुरामनं त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग उगाच ऑइलच्या डब्याकडे.
मी काटा दहावर नेला.

ट्यूब मालवली. शटर पाडलं.
आणि तिघं बाहेर उभे राहिलो,
आत कुणीच नसलेल्या अंधारात
पंखा आपला फिरतोय ते ऐकत.
वरून एक बाई डोकावली, खांद्यावर बाळ.
"चालू राहिलं वाटतं तुमचं काहीतरी."
"राहू दे," हसुराम म्हणाला,
"तो आपला आपला थांबतंय."

मला माहीत आहे हे चालू राहणं.
रात्री ताट पुढ्यात आलं तरी
उजवं मनगट स्क्रू आवळतच असतं.

बोलायला काही नव्हतं.
बेलापूर रोडवरून कंटेनर गेले, तीन की चार.
जयेंद्रनं शटरच्या फटीशी तळहात धरला,
आत ओढली जाणारी हवा
बोटांना लागते का बघत.
लागली असावी. हात काढला नाही त्यानं.

मग आत, अगदी बारीक, टक्.
पाती स्वतःच्या वजनानं
थोडी अजून फिरली.

हसुरामनं घड्याळ पाहिलं, काही बोलला नाही.
जयेंद्रनं कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.
कोपऱ्यावर जाऊन मी पैसे मोजले.
पन्नास जास्त होते.
परत फिरले नाही.